‘अगं, हळद कुठंय?’

पत्र

ताई, नमस्कार.

मी सांगलीचा. वय 61, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. घरात आई (84), बायको (57) आणि मी. मुलगा-सून पुण्यात नोकरीला, मुलगी हैदराबादला. ज्येष्ठाच्या सुरुवातीला बायको बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता घरी आहे, वॉकर धरून चार पावलं टाकते. मेहुणी पंधरा दिवस राहून गेली आणि आता सगळं माझ्यावर आहे. भांडी-फरशीला मावशी येतात, चपात्या मी बाहेरून आणतो. पण खरं सांगतो, एवढ्या संसारात मी एकदाही कुकर लावलेला नाही. परवा शिट्टीच होईना. जळका वास आला तेव्हा कळलं, तळाला पाणीच घातलं नव्हतं. दर पाच मिनिटांनी ‘अगं, हळद कुठंय’, ‘अगं, दूधवाल्याचे किती द्यायचे’ असं विचारत राहतो. ती आतून सांगते, मग चिडते, मग रडते. परवा म्हणाली, ‘एकादशी झाली, दोन महिन्यांवर गौरी आल्या. यंदा त्यांना घरात कोण आणणार?’ मला उत्तर देता आलं नाही. या वयात घर चालवायला कुठून शिकू? अगदी साधं साधं सांगा.

— एक वाचक, सांगली

उत्तर

दादा, नमस्कार.

आधी आज रात्रीच्या जेवणाचं बघू, बाकीचं मग.

तुमचा कुकर कोरडा तापलाय, तेव्हा पुन्हा लावण्याआधी त्याचं झाकण उलटं करून नीट बघा. सेफ्टी व्हॉल्व्ह वितळलेला दिसला तर त्याच कंपनीचा नवा बसवून घ्या. झाकणाची रबरी रिंग ताठ किंवा चिरलेली असेल तर तीही बदला. दुकानात जाताना झाकण सोबत न्या, कारण अंदाजानं आणलेली रिंग सहसा बसत नाही. शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का, ते रोज बघायचं. तिच्यात डाळीचा एक कण अडकला तरी वाफ कोंडते.

आता क्रम. तळाला दोन वाट्या पाणी, त्यावर जाळी, जाळीवर डबे, मग झाकण आणि सगळ्यात शेवटी गॅस. खालच्या डब्यात तिघांपुरती पाऊण वाटी तूरडाळ. दोन-तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवून ठेवलीत तर ती सारखी शिजते. डाळीच्या अडीचपट पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल. तेलामुळं डाळ फेसाळून वर चढत नाही. वरच्या डब्यात एक वाटी तांदूळ आणि त्याच वाटीनं दोन वाट्या पाणी. तांदूळ नवा असेल तर पाणी जरा कमी, जुना असेल तर अडीच वाट्यांपर्यंत. आईंसाठी एका लहान भांड्यात चौपट पाणी घालून मऊ भात त्याच कुकरमध्ये लावता येतो, वेगळा घाट घालावा लागत नाही. चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. झाकण सहज फिरलं तरच उघडायचं, जोर लावायचा नाही.

डाळ घोटून घ्या. कढईत दोन चमचे तेल तापवा. एक मोहरी टाकून बघा, ती तडतडली की बाकीची टाका. मग जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता. लसूण तांबूस झाला की गॅस बारीक करा आणि तेव्हाच हळद आणि तुमच्या घरची कांदा-लसणाची चटणी घाला. मोठ्या आचेवर या दोन्ही गोष्टी एका क्षणात करपतात आणि आमटी कडवट होते. लगेच डाळ ओता, पाणी, मीठ, चिंचेचा एक बुटूक आणि सुपारीएवढा गूळ. पाच मिनिटं उकळी. झाली आमटी. तिघांचं जेवण यावर निभतं. सोबत काकडी, दही, शेंगदाण्याची चटणी, काहीही चालेल. पहिला महिनाभर दोन भाज्या, कोशिंबीर असल्या मोहात पडू नका. एक आमटी, एक भाजी रोज वेळेवर झाली म्हणजे पुष्कळ झालं. उरलेला भात मात्र ओट्यावर ठेवू नका. गार झाल्यावर, दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये जायला हवा. पावसाळ्यात ओट्यावर राहिलेल्या भातानं पोट बिघडतं आणि आत्ता तुमच्या घरात कुणाचंच पोट बिघडून चालणार नाही.

आता हळदीकडे येऊ.

मी नववीत असताना माझी आई दीड महिना अंथरुणाला खिळून होती. वडील प्रेमळ होते, कष्टाळू होते, ओट्यापाशी उभे राहून सगळं करत होते. पण दर दोन मिनिटांनी हाक. पोह्यांचा डबा कुठला, गाळणी कुठंय, मीठ किती. एके दुपारी मी आईच्या उशाशी बसले होते. ती डोळे मिटून म्हणाली, ‘हात यांचे आहेत गं, पण डोकं माझंच चालू आहे. झोप लागायला आली की हाक येते.’ हे मी आजवर विसरलेले नाही. वहिनी चिडतात आणि मग रडतात, त्यामागं मला हेच दिसतं. त्यांचं शरीर पलंगावर आहे, पण घर अजून त्याच चालवताहेत, तेही न दिसणारं घर, नुसत्या हाकांवरून. त्यांना विश्रांती मिळालेलीच नाही, दादा. तुम्ही राबताय हे खरं आहे आणि त्या थकल्यात हेही खरं आहे.

म्हणून एक दोनशे पानी वही आणा. सलग दोन दुपारी, चहानंतर तासभर, वहिनींच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसा. त्याआधी मोबाइलवर स्वयंपाकघरातल्या प्रत्येक फळीचा, प्रत्येक खणाचा फोटो काढा. फ्रिजचे कप्पे, माळा, सिंकखालची जागासुद्धा. एकेक फोटो त्यांना दाखवायचा आणि कुठल्या डब्यात काय आहे, ते विचारायचं. न ओळखू येणारा डबा असेल तर उचलून त्यांच्याजवळ न्यायचा. त्या सांगतील ते कागदाच्या पट्टीवर लिहून डब्याला चिकटवा. बारीक रवा आणि जाड रवा, साधं मीठ आणि सैंधव, बेसन आणि भाजणी हे बघून ओळखायला वर्षं लागतात, पट्टीला दोन मिनिटं लागतात.

वहीत आणखीही बरंच येईल. दूध किती, कुठल्या वारी जास्त, पैसे कोणत्या तारखेला. सिलिंडर साधारण किती दिवस पुरतो. नळाला पाणी कधी येतं आणि मोटर किती वेळ लावायची. तेल, चहा, साखर महिन्याला किती लागते. आईंचं दुपारचं काय, रात्रीचं काय, त्यांना काय बाधतं. प्लंबर, वायरमन, गिरणीवाला, पलीकडच्या काकू यांचे नंबर. मला खात्री आहे, पहिल्याच दुपारी तुम्ही थक्क व्हाल. हे सगळं कुठंही लिहिलेलं नव्हतं, एका माणसाच्या डोक्यात होतं, आणि इतकी वर्षं त्यात सहसा चूक झाली नव्हती. तसं वाटलं तर त्यांना तसं म्हणून दाखवा. मनात ठेवू नका.

वही झाली की एक नियम पाळा. प्रश्न दिवसातून एकदाच विचारायचे, चारच्या चहाला. दिवसभर जे अडेल ते खिशातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. तोवर स्वतः शोधा, स्वतः ठरवा. एखाद्या दिवशी आमटी खारट होईल, चालेल. उकडलेला बटाटा कुस्करून घातला की खारटपणा बराच झाकला जातो. वहिनी आतून हाका मारून सूचना देतीलच, सवय एका आठवड्यात जात नाही. तेव्हा ‘हो, बघतो’ म्हणा. ‘मला कळतं’ म्हणू नका.

डब्यांचा विषय निघालाच आहे, तर त्यावर जरा थांबते. वहिनींनी उन्हाळ्यात जे करून ठेवलंय, ते नीट बघा. शाळू आणि गहू भरले असतील, तूरडाळ ऊन दाखवून ठेवली असेल, वर्षाची चटणी, लोणचं, सांडगे, पापड, कुरडया. म्हणजे येत्या वर्षाची त्यांची मेहनत त्या डब्यांत आहे, आणि आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत ती राखणं आता तुमच्याकडे आलंय. मोठा डबा रोज उघडायचा नाही. आठवड्याचं लहान बरणीत काढून घ्यायचं आणि मोठ्याचं झाकण घट्ट लावून टाकायचं. चटणी आणि लोणच्यात ओला चमचा गेला की बुरशी आलीच. चमचा कोरडा, हात कोरडे, आणि लोणच्यावर तेलाचा थर आहे ना, हे अधूनमधून बघायचं. गव्हा-तांदळाला एरंडेल चोळलेलं नसेल तर आता पावसात ते करायला बसू नका. कडुनिंबाचा पूर्ण वाळलेला पाला असेल तर घाला. रवा कोरडा भाजून, गार करून भरलात तर त्यात अळ्या होत नाहीत. मिठाच्या बरणीत तळाशी चमचाभर तांदूळ टाकले की मीठ पाझरत नाही. शाळूचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. त्याचं कारण शेवटी सांगते.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्ही विचारलेली नाही.

वहिनी दिवसभरात पाणी किती पितात, ते दोन दिवस मोजा. बाटलीतून द्या, म्हणजे कळेल. अंथरुणावरच्या कितीतरी बायका मुद्दाम पाणी कमी पितात. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागेल, मग नवऱ्याला उठवावं लागेल, त्याच्या हातचं काम अडेल, म्हणून. हे त्या बोलून दाखवत नाहीत. मग मलावरोध होतो, लघवीला जळजळ होते, ताप येतो आणि हाड जुळत असताना नवंच दुखणं मागं लागतं. तुम्ही स्वतःहून दर दोन तासांनी विचारा, ‘चल, जाऊन येऊ या का?’ त्यांनी मागायची वाट पाहू नका. रात्रीसाठी बिनतारी बेल मिळते. बटण त्यांच्या उशाशी, घंटा तुमच्या उशाशी. हाक मारायचा संकोच असतो, बटण दाबायचा तेवढा नसतो. डॉक्टरांनी वेगळं पथ्य सांगितलेलं नसेल तर जेवणात डाळ, दूध, ताक, अंडं चालत असेल तर अंडं, नाचणीची आंबील, पालेभाजी हे फिरवून फिरवून येऊ दे. नाचणीत कॅल्शियम चांगलं असतं आणि आंबील आईंनाही चालेल.

औषधांचं स्वतःच्या लक्षात ठेवू नका, लिहून भिंतीला लावा. त्यात दोन गोष्टी बघा. वहिनींना थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची असते आणि कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर निदान चार तासांनी. दोन्ही एकदम घेतल्या तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. हाडाच्या ऑपरेशननंतर कॅल्शियम बहुतेक सगळ्यांना देतात, आणि हा घोळ घरोघरी होतो. दुसरं, रक्त पातळ ठेवायचं औषध दिलेलं असेल तर ते एकही दिवस चुकवू नका आणि आपल्या मनानं बंद करू नका. पोटरी एकाएकी सुजली, दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखून धाप लागली तर विचार करत बसू नका, 108 ला फोन करा.

त्या पडल्या त्या बाथरूमचं काय केलंत? पत्रात त्याचा उल्लेख नाही. कमोडजवळ आणि नळाजवळ भिंतीत पक्के दांडे बसवून घ्या, प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. टॉवेल अडकवायच्या नळीला धरून कुणी उठू नये, ती भार सोसत नाही. दारातली सैल पायपुसणी उचलून टाका. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री मंद दिवा राहू द्या. किती उंचीवर बसायचं, पाय किती वाकवायचा, हे ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारून तेवढ्या उंचीची कमोडची खुर्ची आणा. हे आईंसाठीही आहे. 84 व्या वर्षी त्याच फरशीवरून त्याही चालतात.

फरशी धुण्यावरून आठवलं. नवा माणूस स्वच्छता जरा जास्तच जोरात करतो, म्हणून सांगते: संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नका. दोन्ही मिसळली की विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं उलटली असतील तर नळी बदलून घ्या. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, कुठलंही बटण चालू नाही आणि बंदही नाही, आणि बाहेर येऊन 1906 वर फोन. पाण्याचं पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून असतात, नुसतं पाणी ओतून दिल्यानं जात नाहीत.

आणि तुम्ही सांगलीत राहता. नदीकडच्या भागात राहत असाल तर यंदा तुमचा हिशेब दरवर्षीपेक्षा वेगळा आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. धडधाकट माणसं धोक्याच्या 45 फुटांपर्यंत वाट पाहतात. वॉकरवरची बाई आणि 84 वर्षांची आई घेऊन तुम्हाला ती वाट पाहता येणार नाही. पाणी 40 फुटांची इशारा पातळी गाठायला लागलं की निघायचं, आणि कुणाकडे जायचं ते आत्ताच ठरवून ठेवायचं. एका पिशवीत औषधं, चिठ्ठ्या, एक्स-रे, आधार कार्डं आणि बँकेची पुस्तकं भरून दारामागं अडकवून ठेवा.

मावशींबद्दल. त्यांना चपात्या करायला जमतील का, हे जरूर विचारा. त्यांनाही चार पैसे मिळतील आणि तुम्हालाही घरची चपाती मिळेल. पण आधी पैसे बोला, मग काम बोला. वहिनींना उठवणं-बसवणं, आईंचे कपडे बदलणं ही कामं ‘जरा हात लावता का’ म्हणत त्यांच्यावर हळूहळू येत असतील तर थांबा. ते वेगळं काम आहे, त्याचा वेगळा मोबदला आहे, आणि त्या नाही म्हणाल्या तर तो त्यांचा अधिकार आहे. वहिनी त्यांना काय देत होत्या, सणाला काय, उचल किती, कुठले दिवस सुट्टी, हे सगळं वहीत उतरवा आणि त्यात काटछाट करू नका.

पैशांची सगळी सूत्रं मात्र हातात घेऊ नका. वहिनी भिशी चालवत असतील, बचत गटात असतील, तर ते त्यांनाच करू द्या. मोबाइल चार्ज करून हाताशी ठेवा, हिशेबाची वही आणि चष्मा जवळ ठेवा. मैत्रिणी घरी आल्या तर चहा तुम्ही करा आणि बाहेर जाऊन बसा. पलंगावर असलेल्या माणसाला स्वतःचं म्हणून काहीतरी हवं, ज्यात तो रुग्ण नसतो.

मुलाबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंय की ‘मुलगा-सून पुण्यात नोकरीला’. मला त्या वाक्यामागं एक विचार दिसला, तो चुकीचा असेल तर सोडून द्या. ‘सुनेनं महिनाभर रजा काढून यावं’ असं मनात येत असेल, तर ते शब्दांत आणण्याआधी मुलाला फोन करा. आई त्याची आहे. त्याला सांगा, ‘महिन्यातून दोन शनिवार-रविवार तू ये. आजीला आणि आईला सांभाळ, मी दोन तास बाहेर जाऊन येतो.’ सून आपण होऊन आली तर तिचं आनंदानं स्वागत करा. मुलीला हैदराबादहूनही खूप काही करता येतं. औषधं ऑनलाइन मागवणं, डॉक्टरांच्या तारखा लक्षात ठेवणं, लाइटबिल भरणं. तिला नेमून द्या, म्हणजे ‘मी काय करू’ या काळजीतून तीही सुटेल. आणि ते दोन तास खरंच बाहेर जा. कट्ट्यावर बसा, देवळात जा, मित्राला भेटा. तुम्हीही 61 वर्षांचे आहात.

आईंना कामाला लावा, असं मी म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल. पण विचारून बघा. लसूण सोलणं, कोथिंबीर निवडणं, शेंगा फोडणं, डाळ-तांदूळ निवडणं हे बसून होतं. 84 वर्षांच्या बाईला घरात आपला उपयोग आहे, हे कळलं की तिची जेवणाची कुरकुर निम्मी होते. शिवाय तुमच्या घरात स्वयंपाकाची सर्वांत मुरलेली शिक्षिका त्याच आहेत. वहिनींना झोप लागलेली असताना पडलेला प्रश्न त्यांना विचारता येईल.

आता गौरी.

वहिनी ‘यंदा त्यांना घरात कोण आणणार’ म्हणाल्या, तेव्हा त्या तुमच्याकडे काम मागत नव्हत्या. ज्या घरात दरवर्षी त्यांच्या हातानं गौर आली, त्या घरात यंदा आपण नुसतं पडून बघायचं, याचं ते दुःख होतं. ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी करू’ असं मुळीच म्हणू नका. ‘मी सगळं करतो, तू काळजी करू नको’ हेही नको, त्यात त्या पुन्हा बाजूलाच पडतात. त्यांना विचारा, ‘तू काय करणार आणि मी काय करू?’ गौर जमिनीवर मांडण्याऐवजी उंच टेबलावर मांडता येते. मग वहिनी खुर्चीत बसून साडीच्या निऱ्या करू शकतील, दागिने घालू शकतील. तेरडा तुम्ही आणा, उंबऱ्यातून आत गौर आईंच्या नाहीतर सुनेच्या हातानं येऊ दे, पावलं कुणी काढायची ते वहिनी सांगतील. पूजनाच्या दिवशीची पुरणपोळी सांगलीत हवी तेवढी चांगली विकत मिळते, ती आणा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पण आवाहनाच्या दिवशी तुमच्याकडे भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो ना? शेपूची नाहीतर मिसळीची भाजी आणि भाकरी. तो विकत आणू नका. तुमच्या हातात दोन महिने आहेत.

शाळूचं पीठ ताजं हवं, म्हणून मघाशी म्हटलं की दहा दिवसांपुरतंच दळा. जुनं पीठ चिकटपणा सोडतं आणि भाकरीला चिरा जातात. एका भाकरीचंच पीठ घ्या, कडकडीत गरम पाणी घालून चमच्यानं कालवा, हात लावण्याइतकं निवलं की तळहाताच्या टाचेनं पाच मिनिटं मळा. सगळा कस इथंच आहे. पीठ लोण्यासारखं मऊ झालं की गोळा करून परातीत कोरडं पीठ पसरून त्यावर थापा. सुरुवातीला बोटांनी, मग तळव्यानं, फिरवत फिरवत. पहिले पंधरा दिवस ती गोल होणार नाही, उचलताना तुटेल. मग दुधाच्या पिशवीच्या जाड प्लॅस्टिकवर थापून बघा, उचलायला सोपं जातं. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवा, तिला पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकायच्या आत उलटा आणि ती बाजू नीट भाजली की पहिली बाजू थेट जाळावर धरा. आच मोठी लागते, आमटीच्या फोडणीसारखी बारीक नको.

रोज एकच करा, सकाळी. तुटकी निघाली तर आईंना दुधात कुस्करून द्या, त्यांना तशीच हवी असते. आणि पीठ मळायचं काम स्वयंपाकघरात करू नका. परात, पीठ, गरम पाण्याचं भांडं घेऊन वहिनींच्या पलंगाजवळ टेबलावर मांडा. त्या बघतील, हात पुढं करून गोळा दाबून पाहतील, ‘अजून मळा’ म्हणतील. मग तेवढंच विचारा, ‘आता झालं का?’